बसक्या मोटारी

आपल्याकडे जुनी मोटार विकत घेणारा मनुष्य काय काय पाहतो? इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर दाबून बघतो, आणि मग रस्त्यावर उकिडवा बसून गाडीच्या पोटाखाली डोकावतो. गाडी जमिनीपासून वर किती आहे? पावसाळ्यातले खड्डे आणि गल्लोगल्लीचे गतिरोधक तिचे पोट खरवडणार तर नाहीत ना? काळजी अगदी रास्त आहे. तेव्हा एखाद्याने धडधाकट जुनी मोटार आणून ती मुद्दाम चार-सहा इंच खाली बसवली, तर शेजारीपाजारी त्याला वेड्यात काढतील. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात मात्र हे वेड लोकांनी पिढ्यान् पिढ्या जोपासले. त्याविरुद्ध कायदा झाला, कायद्याला बगल देणारे यंत्र निघाले, आणि तो कायदा रद्द व्हायला सहासष्ट वर्षे जावी लागली. वाचकहो, त्या बसक्या मोटारींची ही हकीकत आहे.

पण त्याआधी एक साधा प्रश्न. मोटार मुळात उंच असते कशासाठी?

साध्या बैलगाडीला स्प्रिंग नसते. चाक दगडावरून गेले की तो हिसका थेट बसणाऱ्याच्या मणक्यात. टांग्यात बसलो की तितके हाडे खिळखिळी होत नाहीत, कारण त्याच्या आसावर पोलादी पाट्यांच्या कमानी असतात. चाक वर उचलले जाते, कमान दबते, आणि वरची बैठक बहुतांशी जागच्या जागी राहते. इंग्लंडमध्ये ओबादाया इलियट नावाच्या बग्ग्या बांधणाऱ्या कारागिराने १८०४-०५ च्या सुमारास अशा लंबगोल कमानींचे पेटंट घेतले, आणि पुढे शंभर वर्षांनी मोटार आली तेव्हा ती बग्गीचीच कमान घेऊन आली. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या प्रसिद्ध ‘टी’ गाडीला पुढे एक आणि मागे एक अशा दोनच आडव्या कमानी होत्या. त्यांवर ती गाडी शेतातून, चिखलातून, वाटेल तिथून गेली.

आता गंमत अशी की स्प्रिंग दबायची, तर दबायला जागा पाहिजे. चाक वर येणार म्हणजे चाकाच्या आसाच्या आणि सांगाड्याच्या मधे पोकळी हवी. गाडीची उंची म्हणतात ती बरीचशी ही पोकळी. आणि जितकी स्प्रिंग मऊ, तितकी पोकळी जास्त लागते. याचा हिशेब मोठा सुरेख आहे. उभ्या गाडीच्या स्वतःच्या वजनाने स्प्रिंग पंचवीस सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी सेकंदाला सुमारे एक हेलकावा घेते. पाळण्यासारखा, बसणाऱ्याला झोप आणणारा. तीच स्प्रिंग ताठ केली आणि ती सहा सेंटिमीटरच दबू लागली, की सेकंदाला दोन हेलकावे होतात आणि त्याचे नाव हादरे. मॉरिस ऑली नावाचा एक इंग्रज एंजिनियर १९३० साली अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीत गेला, तो याच हिशेबाच्या मागे लागला होता. पुढची दोन्ही चाके एका आसाला न जखडता प्रत्येकाला वेगळी, मऊ, वेटोळ्याची स्प्रिंग द्यायची, ही व्यवस्था जनरल मोटर्सच्या गाड्यांवर १९३४ साली आली, तीत ऑलीचा वाटा फार मोठा. म्हणजे कारखान्याने मोठ्या कष्टाने जी मऊ चाल आणली, ती गाडी खाली बसवताना पहिली धोक्यात येते. हे पुढे लक्षात ठेवायला हवे.

आता आपण लॉस एंजेलिस शहराच्या पूर्व अंगाला जाऊ. काळ दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागेचा. इथे वस्ती मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या लोकांची. कोणी तिथेच पिढ्यान् पिढ्या राहिलेले, कोणी शेतावर नाहीतर कारखान्यात मजुरीला आलेले. जन्माने अमेरिकन असूनही परक्यासारखी वागणूक हे त्यांच्या रोजच्या अनुभवातले. १९४३ च्या जूनमध्ये तर सुटीवरचे नौसैनिक आणि शिपाई टॅक्स्या भरभरून या वस्त्यांत शिरले आणि ढगळ कोट घालणाऱ्या मेक्सिकन पोरांना रस्त्यात गाठून मारले, त्यांचे कपडे फाडले. आणि अटका झाल्या त्या बहुतांशी मार खाणाऱ्यांच्या! कपडे हासुद्धा गुन्हा ठरू शकतो, हे तिथली मुले त्या उन्हाळ्यात शिकली.

युद्ध संपले, मजुरीचा पैसा थोडा खुळखुळू लागला आणि जुन्या शेव्हरले गाड्या स्वस्तात मिळू लागल्या. गोलमटोल मडगार्डांच्या त्या चाळिशीच्या आसपासच्या गाड्यांना पुढे ‘बॉम्ब’ असे नाव पडले. नवी गाडी कोणाला परवडणार? त्या वेळी डेट्रॉइटचे कारखाने दरसाल आणखी लांब, आणखी रुंद आणि आणखी बसक्या गाड्या काढत होते आणि तशीच जाहिरात करत होते. नव्या गाडीचे रूप म्हणजे बसके रूप. ज्याच्या खिशात नव्या गाडीचे पैसे नव्हते, त्याने आपली दहा वर्षांची गाडी स्वतःच्या हाताने बसकी केली. माझ्या मते या साऱ्या प्रकाराचे मूळ इथे आहे. विक्षिप्तपणा त्यात होता, नाही असे नाही. पण श्रीमंताला जे दुकानात मिळत होते, ते गरिबाने घरामागच्या अंगणात करून घेतले, हा भाग मोठा.

ते करायचे कसे? सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मागच्या डिकीत वाळूची नाहीतर सिमेंटची पोती टाकायची. गाडी मागून खाली बसते. ऐकायला हा उपाय गावठी वाटतो, पण आपला मघाचा हिशेब लावून पाहा. स्प्रिंग तीच आहे आणि वजन वाढले आहे. म्हणजे हेलकावा आणखी संथ झाला. चाल जास्तच मऊ! तोटे अर्थातच आहेत. गाडी थांबवायला जास्त अंतर लागते, पुढचे दिवे आभाळाकडे बघू लागतात, आणि मोठा खड्डा आला की स्प्रिंगला दबायला जागा न उरल्यामुळे दाणकन आदळते. पण पोती काढून टाकली की गाडी पूर्वीसारखी. गडी माणसाचा उपाय तो, नुकसान काही करीत नाही.

दुसरा उपाय करवतीचा. वेटोळ्याच्या स्प्रिंगचे एक-दोन वेढे कापून टाकायचे. यात एक फसगत आहे. स्प्रिंग आखूड झाली म्हणजे मऊ झाली असे वाटते. होते नेमके उलटे. आठ कामाच्या वेढ्यांतले दोन कापले, तर उरलेली स्प्रिंग पूर्वीपेक्षा एकतृतीयांशाने अधिक ताठ होते. म्हणजे जागाही गेली आणि मऊपणाही गेला. तरी कापलेली स्प्रिंग निदान प्रामाणिक तरी असते. तिसरा उपाय मात्र निव्वळ अविचाराचा. गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग लाल करायची, म्हणजे ती गाडीच्या भाराखाली आपोआप खचते. पोलादाला कारखान्यात जे पाणी दिलेले असते ते तिथल्या तिथे उतरते. मग ती स्प्रिंग उद्या खचेल की परवा तुटेल, हे कोणी सांगावे! असे असूनही घाईच्या पोरांनी हे पुष्कळ केले.

जाणते लोक मागच्या पाट्यांच्या आणि आसाच्या मधे लोखंडी नाहीतर ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवीत. त्याने गाडी ठोकळ्याच्या उंचीइतकी खाली येते आणि स्प्रिंगला धक्का लागत नाही. फक्त आस आता सांगाड्याच्या जवळ आला, तो वर उसळला की आदळणार. म्हणून सांगाड्याला त्या जागी अर्धचंद्र कापायचा आणि कापलेल्या जागी पोलादी पट्टी वेल्ड करून बळकटी आणायची. हे काम ज्याला नीट जमे तो मिस्त्री आळीत मानाचा. शॉकॲब्सॉर्बर बदलायचे, झिजलेले रबरी बुश बदलायचे, चाकांचा कल पुन्हा बसवायचा, नाहीतर टायर एका कडेने खाल्ले जातात. गाडी खाली आणणे हे एका दुपारचे काम. खाली आणलेली गाडी सरळ चालवणे हे खरे कसब.

अशा गाड्या घेऊन लोक करीत काय? हळू चालवीत! त्याच कॅलिफोर्नियात दुसऱ्या एका तरुण मंडळीला वेगाचे वेड होते. ती गाड्यांचे वजन कमी करून, इंजिने फुगवून कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर शर्यती लावीत. या मेक्सिकन-अमेरिकन मंडळींचे, पुढे ज्यांनी स्वतःला अभिमानाने ‘चिकानो’ म्हणवले त्यांचे, ब्रीद नेमके उलटे होते. स्पॅनिशमध्ये ‘बाहितो इ स्वावेसितो’. म्हणजे खाली खाली आणि अलगद. सुटीच्या संध्याकाळी पूर्व लॉस एंजेलिसच्या व्हिटियर बुलेव्हार या रस्त्यावर गाड्यांची रांग लागे, माणसाच्या चालीने. रंग लावलेली, घासूनपुसून आरशासारखी केलेली गाडी सर्वांना दिसावी, आतल्या माणसाने ओळखीच्याला हात करावा, घरची माणसे मागच्या बाकावर बसलेली असावीत. आपल्याकडे उत्सवाच्या संध्याकाळी माणसे नवे कपडे घालून बाजारपेठेतून एक चक्कर मारून येतात की नाही, तशातलाच प्रकार. फरक एवढाच की कपडे गाडीला घातलेले.

१९५८ पासून कॅलिफोर्नियात यावर कायद्याची रेघ ओढली गेली. वाहन-संहितेचे ते कलम २४००८. चाकांखेरीज गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षा जमिनीच्या अधिक जवळ येता कामा नये, असा त्याचा आशय. मला हे कलम वेडेपणाचे वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. टायर फुटला आणि गाडी रिमवर आली, तर पोटाचा भाग रस्त्याला घासून चाक आणि चालक दोघेही निरुपयोगी होतील. त्या दृष्टीने रिमची कड ही समंजस मर्यादा आहे. पण कलमाचे शब्द बारकाईने वाचले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. ते लागू होते ‘मूळ रचनेत फेरफार केलेल्या’ गाडीला. कारखान्यातून बसकी निघालेली गाडी सुटली. अंगणात बसकी झालेली सापडली. आणि रस्त्यावर कोणाला थांबवायचे, वाकून कोणाच्या गाडीखाली बघायचे, हे ठरवणार पोलीस. चिकानो तरुणांची तक्रार वर्षानुवर्षे हीच राहिली की गाडीचे अंतर मोजण्याच्या निमित्ताने त्यांच्या माणसांची झडती होते.

इथे रॉन अगीरे या तरुण कारागिराचे नाव येते. त्याने १९५९ साली आपल्या कॉर्व्हेट गाडीला विमानांतले पेस्को बनावटीचे तेलाचे पंप आणि झडपा बसवल्या. ‘एक्स-सॉनिक’ म्हणून ही गाडी पुढे प्रसिद्ध झाली. युक्ती अशी: स्प्रिंगच्या टोकाशी एक सिलिंडर, त्यात दट्ट्या. बटण दाबले की विजेचा पंप सिलिंडरमध्ये तेल लोटतो, दट्ट्या सरकतो आणि गाडीचे अंग वर उचलले जाते. दुसरी झडप उघडली की तेल टाकीत परत येते आणि गाडी आपल्या वजनाने खाली बसते. म्हणजे पोलीस दिसला की गाडी कायदेशीर, आणि तो वळणाआड गेला की पुन्हा जमिनीलगत! कायद्याने उंची ठरवली होती. उंची कायम ठेवण्याची कल्पना मात्र गृहीत धरली होती, आणि या पठ्ठ्याने तिथेच बोट घातले.

योगायोग पाहा. चारच वर्षे आधी, ऑक्टोबर १९५५ मध्ये, पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात सित्रोएन कंपनीने ‘डी. एस.’ ही गाडी मांडली होती. तिच्यात पोलादी स्प्रिंगा नव्हत्याच. गोल भांड्यांत कोंडलेला नायट्रोजन वायू आणि दाबाखालचे तेल यांवर ती तोललेली होती, आणि चालकाजवळच्या दांड्याने तिची उंची कमीजास्त करता येई. पॉल माजेस या कंपनीतल्या माणसाने ते काम वर्षानुवर्षे खपून केले होते. इकडे शेव्हरलेनेही १९५८ साली हवेवर तोलणारी व्यवस्था जादा पैसे घेऊन देऊ केली. ती गळे, बिघडे, आणि लवकरच यादीतून गेली. म्हणजे उंची बदलणारी गाडी ही त्या काळी मोठमोठ्या कारखान्यांनाही जड जाणारी गोष्ट होती. अगीरेने ती भंगारात मिळणाऱ्या विमानी सामानातून साधली, भले ती डी. एस. इतकी सफाईदार नसेल.

त्याच १९५८ साली शेव्हरलेची ‘इंपाला’ ही गाडी आली आणि बसक्या मोटारवाल्यांना जणू त्यांच्याचसाठी केलेली गाडी मिळाली. शेव्हरलेने मागचे पाटे काढून चारी चाकांना वेटोळ्याच्या स्प्रिंगा दिल्या होत्या. म्हणजे चारी ठिकाणी सिलिंडर बसवणे सोपे. सांगाडा इंग्रजी ‘एक्स’ अक्षरासारखा, मधे निमुळता. पुढे विमानी पंपांची जागा मालमोटारींच्या मागची फळी वरखाली करणाऱ्या पंपांनी घेतली. डिकीत एकाला एक जोडलेल्या बॅटऱ्यांची रांग आली. वाळूची पोती गेली आणि बॅटऱ्या आल्या. वजन तेवढेच राहिले म्हणायचे! आणि ज्यांना नुसते वरखाली होण्यावर समाधान नव्हते, त्यांनी गाडी पुढच्या चाकांवर बेडकासारखी उड्या मारायला लावली. त्या उड्यांनी सांगाडे वाकले, पुढचे दांडे तुटले. मग सांगाड्याला जाड पत्रे वेल्ड करून पांघरण्याची आणि दांडे भरभक्कम करण्याची विद्या आली. ज्यांना उड्यांपेक्षा चाल प्यारी, त्यांनी तेलाच्या वाटेवर नायट्रोजन भरलेली भांडी बसवली, म्हणजे गाडी खाली असूनही मऊ चालते. तत्त्व डी. एस.चेच.

या कलेतली सर्वांत गाजलेली गाडी म्हणजे ‘जिप्सी रोझ’. १९६४ सालची इंपाला, मालक जेसी वालादेझ, ‘इंपीरियल्स’ या मोटार-मंडळाचा. गुलाबी अंगावर हाताने रंगवलेली शेकडो गुलाबाची फुले. १९७४ साली सुरू झालेल्या ‘चिको अँड द मॅन’ या दूरदर्शन मालिकेच्या आरंभी ती व्हिटियर बुलेव्हारवरून जाताना दिसे, त्यामुळे घरोघर माहीत झाली. १९७७ साली सॅन होझे गावी ‘लोरायडर’ हे मासिकही निघाले.

पण व्हिटियर बुलेव्हार हा नुसता मिरवण्याचा रस्ता राहिला नव्हता. २९ ऑगस्ट १९७० रोजी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध चिकानो लोकांचा मोठा मोर्चा याच भागातून निघाला, पोलिसांनी तो उधळला, आणि त्याच रस्त्यावरच्या एका उपाहारगृहात पत्रकार रूबेन सालाझार शेरीफच्या माणसाने झाडलेल्या अश्रुधुराच्या नळकांड्याने ठार झाला. अशा रस्त्यावर शेकडो गाड्या सावकाश फिरणे हे अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत सलत असणार. १९७९ मध्ये त्या फेऱ्या बंद पाडण्यात आल्या, आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या अनेक गावांनी एकाच रस्त्यावर गाडी पुन्हा पुन्हा फिरवण्याला मनाई करणारे नियम केले. हळू चालणे हा अपराध! भांडणे, मारामाऱ्या होत होत्या, रहदारी तुंबत होती, ही दुसरी बाजू खोटी नाही. मात्र मारामारी करणाऱ्याला पकडण्याऐवजी रस्त्यावरून दुसऱ्यांदा जाणाऱ्याला पकडणे, हा उपाय सोयीचा असेल, न्यायाचा खचित नव्हता.

दरम्यान न्यू मेक्सिको राज्यातल्या चिमायो गावी डेव्हिड हारामियो नावाच्या एकाने १९६९ सालची फोर्ड एल. टी. डी. गाडी आपल्या कुटुंबासाठी सजवायला घेतली होती. १९७८ साली तो अपघातात वारला. घरच्यांनी आणि गावच्या कारागिरांनी ती पुरी केली, नाव ठेवले ‘डेव्हज ड्रीम’. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाने ती गाडी १९९० मध्ये घेतली. आणि २०१७ साली ‘जिप्सी रोझ’ त्याच वॉशिंग्टनमध्ये काचेच्या पेटीत मांडली गेली, ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिचे नाव गेले. कॅलिफोर्नियातले कलम २४००८ त्या वेळी शाबूतच होते.

शेवटी सॅन दिएगोचे प्रतिनिधी डेव्हिड आल्वारेझ यांनी विधानसभेत विधेयक क्रमांक ४३६ आणले. गव्हर्नरांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यावर सही केली, आणि १ जानेवारी २०२४ पासून फेऱ्यांवरच्या गावोगावच्या बंद्या आणि रिमच्या कडेची ती रेघ, दोन्ही गेल्या. आता तिथे गाडी रिमच्या खाली बसवून रस्त्याने नेली तरी या कलमाखाली दंड नाही. तरीसुद्धा जाणता मिस्त्री गाडीतले पंप आणि सिलिंडर काढून फक्त कापलेल्या स्प्रिंगा ठेवण्याचा सल्ला देणार नाही. कारण इतकी बसलेली गाडी घराच्या फाटकापुढची चढण ओलांडून आत घेता येत नाही. तिथे बटण दाबून तिला चार बोटे वर उचलावेच लागते.